चवथीला ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) घेऊन निघणार आहात? हायवेवर चार्जिंगला कुठे अडकलात ते इथे लिहा

चवथ (गणेशचतुर्थी) महिन्यावर आली. गोव्यातून मुंबई-पुण्याला जाणारे, तिकडून घरी येणारे, सगळे एकाच आठवड्यात रस्त्यावर असणार, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. चार्जरचं नाव नको, जागा सांगा, किती टक्क्यांवर पोचलात आणि तिथे काय झालं ते सांगा. सुरुवात माझ्यापासून.

म्हापसा. गाडी २०२१ची, बॅटरी ३०.२ किलोवॉट-तास, कागदावर रेंज ३१२ किमी. चार माणसं, सामान, एसी आणि ८०चा स्पीड धरला की मला १९०-२०० मिळतात, तेवढंच धरून चालतो. गेल्या पावसात ९७ टक्क्यांवर निघालो, कणकवलीला नंबरात दोन गाड्या होत्या म्हणून न थांबता पुढे गेलो, ती चूक. राजापूर ओलांडून ठरवलेल्या पंपावर पोचलो तेव्हा १६ टक्के, रात्रीचे साडेआठ, पाऊस आडवा. चार्जर अॅपवर हिरवा दिसत होता, गन (चार्जरच्या वायरचं तोंड) गाडीला लावली की स्क्रीन लाल, अर्थिंग फॉल्ट, म्हणजे विजेच्या जमिनीशी जोडणीत बिघाड. कस्टमर केअरवाल्या मुलाने तीनदा लांबून रिस्टार्ट केला, तीनदा तेच. पुढचा चार्जर रत्नागिरीजवळच्या हातखंब्याकडे, तिथवर चार्ज पुरण्याची खात्री नव्हती आणि तो चालू असण्याची तर त्याहून नव्हती.

शेवटी पंपावरचे काका म्हणाले, हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत पंधरा अँपियरचा सॉकेट आहे, लावा तिथे. तिथली अर्थिंग वेगळी असावी, गाडीबरोबर मिळालेल्या पोर्टेबल चार्जरचा दिवा लगेच हिरवा झाला. वायर दाराच्या फटीतून घेतली, गाडीच्या पोर्टवर पत्र्यातून पाणी ठिबकत होतं म्हणून बिस्किटांची मोठी प्लास्टिकची पिशवी कापून बांधली, आणि तीन तास दर पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून बघत बसलो की तापतोय का. तापला की पाच मिनिटं बंद, परत चालू. तीन तासांत २५ टक्के वाढले. काकांनी पैसे घेतले नाहीत, मुलांना चहा दिला. तो माणूस नसता तर रात्र गाडीत काढावी लागली असती.

फोंड्याहून

आम्ही पुण्याला चोर्ला घाटातून बेळगाव करून जातो. नवीन लोकांसाठी एक सांगते, घाटाचा हिशोब वेगळा करा. केरीला ६२ टक्के होते, वर चोर्ल्याला पोचेपर्यंत ४७, बॅटरी ४०.५ची असूनसुद्धा. सातशे-आठशे मीटर चढायचं म्हणजे गाडीचं वजनच उचलून वर न्यायचं असतं, गाडी बिघडली असं समजू नका. परत येताना उतारावर रीजनने (ब्रेक लागताना मोटर उलट बॅटरी भरते त्याने) तीन-चार टक्के परत मिळाले, चढताना गेलेलं सगळं काही येत नाही. मधे मोबाईल नेटवर्क जातं म्हणून पुढच्या चार्जरची स्थिती साखळीलाच बघून घ्या.

आणि बेळगावात एका हॉटेलच्या तळघरात चार्जर होता, तिथे नेटवर्कच नाही! ओटीपीसाठी वर रस्त्यावर, परत खाली, तोवर सेशन टाइमआउट, चार फेऱ्या झाल्या, आईला गाडीत एकटीला बसवून. तेव्हापासून मी दोन कंपन्यांची टॅप करायची कार्डं घेऊन ठेवलीत, फोनला नेट नसलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतात.

पेडण्याहून, पंपावर काम करतो

साहेब लोक आमच्यावर ओरडतात म्हणून लिहितोय. चार्जर पंपाच्या आवारात असला तरी तो आमचा नसतो. त्याच्या कपाटाची चावी कंपनीच्या माणसाकडे, तो दुसऱ्या गावाहून येतो, कधी दुसऱ्या दिवशी. लाइट गेली की आमचा जनरेटर पेट्रोलचे नोझल आणि दिवे चालवण्यापुरता, त्यावर ६० किलोवॉटचा चार्जर चालत नाही. पावसात लाइट जाते-येते, आली की मशीन आपोआप चालू होईलच असं नाही. लाल बटण कोणी दाबून ठेवलेलं असतं ते मात्र आम्ही फिरवून सोडवू शकतो, आधी ते बघा, निम्म्या वेळा तेवढंच असतं.

चार्जरसमोर पेट्रोलच्या गाड्या लावून लोक चहाला जातात, त्यांना उठवायचं काम पण आम्हीच करतो. आणि ८० टक्के झाले की गाडी काढा हो, त्याच्यानंतर चार्जिंग एकदम मंद होतं, एकच गन आहे, मागचा माणूस उन्हात उभा असतो.

मडगावहून

दक्षिणेकडचं कोणी लिहीत नाही. काणकोण सोडलं, पोळे ओलांडलं, कारवारपर्यंत मी आता सरळ ९० टक्के भरूनच निघतो, मधल्या कशावर भरवसा ठेवत नाही. केंद्राच्या २०१८च्या गाइडलाइनमध्ये हायवेच्या दोन्ही बाजूंना दर २५ किमीला स्टेशन असं लिहिलेलं होतं, वाचून बघा.

वास्कोहून

मला अंतराचं नाही, अंधाराचं सांगायचंय. मुलीला पुण्याला सोडून एकटी येत होते, आंबोलीमार्गे, रात्री साडेदहाला संकेश्वरच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबले. ढाबा बंद, चार्जर मागच्या बाजूला, वर दिवा नाही. मोबाईलच्या टॉर्चमध्ये गन लावली, काच वर करून, दार लॉक करून पन्नास मिनिटं बसले, एक ट्रक मागे येऊन उभा राहिला आणि त्यातून कोणीच उतरलं नाही. काही झालं नाही. पण त्या पन्नास मिनिटांत मी चार्जिंग बंद करून तशीच निघू का असं दहा वेळा मनात आलं, आणि ३१ टक्क्यांवर आंबोली उतरून घरापर्यंत पोचणार नाही हे माहीत होतं. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात, इथे तासभर बसायचं असतं, मग तिथे दिवा, बाथरूम आणि एक माणूस नको का? आता मी बाजू बघून ठरवते, जिथे चोवीस तास चालणारा पंप आहे तिथेच, मग वीस किलोमीटर वळसा पडला तरी चालेल.

पार्श्याहून, होमस्टे आहे

रेंटवर ईव्ही घेऊन पाहुणे यायला लागले तेव्हा बाहेर पार्किंगला वेगळी लाइन टाकली. चार स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, वेगळी एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच), स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा, वर पत्र्याचं छप्पर. वेग साधारण तीन किलोवॉट, म्हणजे रात्री नऊला लावली की सकाळच्या चहाला भरलेली. मीटर वेगळा बसवलाय, युनिटप्रमाणे पैसे. म्हापसेकरांनी सांगितलं तसं प्लग तापत असेल तर सॉकेट बदला, हलक्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावू नका, माझा पहिला सॉकेट काळा पडला होता.

म्हापसा, परत मी

सगळ्यांचं वाचलं. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत, २०२४ला जाहीर झाले. त्यातून नवीन ठिकाणं होतीलच, पण माझं मागणं एवढंच की आहे त्याच ठिकाणी दुसरी गन बसवा. एक बंद असली तर दुसरी चालते, मग मधलं अंतर साठ किलोमीटर असलं तरी माणूस निघतो.

यंदा मी चवथीच्या आदल्या नव्हे, त्याच्याही आधीच्या दिवशी पहाटे चारला निघतोय. कुडाळ आणि हातखंबा असे दोनच थांबे, दोन्हीकडे चार्ज फार खाली जायच्या आधी पोचायचं. राजापूरच्या काकांसाठी पातोळ्यांचा डबा घेणार आहे. त्या दिवशी त्या पट्ट्यातलं कोणी जाणार असेल तर कुठला चार्जर बंद दिसतोय ते इथेच टाका, मी पण टाकतो.