प्रतिसाद: आयनीभवन ऊर्जेच्या चढणीतील दोन खाचा

वर असे म्हटले गेले आहे की आवर्तात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाचा प्रभार वाढतो, म्हणून आयनीभवन ऊर्जाही (अणूतून सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) सतत वाढत जाते. दिशा बरोबर आहे. ‘सतत’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. दुसऱ्या आवर्तात बेरिलियमची ऊर्जा प्रतिमोल सुमारे 900 किलोज्यूल, तर त्याच्या पुढच्या बोरॉनची 801 आहे, कारण बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जेच्या ‘पी’ उपकवचात (इलेक्ट्रॉन-कवचाच्या एका उपविभागात) बसतो आणि तुलनेने सहज निघतो. नायट्रोजनची 1402 असून ऑक्सिजनची 1314 असण्याचे कारण वेगळे आहे: नायट्रोजनचे तिन्ही ‘पी’ इलेक्ट्रॉन स्वतंत्र कक्षकांत (उपकवचातील इलेक्ट्रॉनांच्या जागांत) असतात, तर ऑक्सिजनमध्ये चौथ्याला जोडी करून राहावे लागते आणि त्या दोघांतील प्रतिकर्षणामुळे एक काढणे सोपे होते.

गणात (सारणीच्या उभ्या स्तंभात) वरून खाली येताना चित्र बरेच सरळ आहे: लिथियम 520, सोडियम 496, पोटॅशियम 419. इलेक्ट्रॉन काढणे सोपे होत जाते, तशी पाण्याशी होणारी अभिक्रियाही जोरकस होत जाते. पाण्यात लिथियमचा तुकडा संथपणे फसफसतो, सोडियम वितळून गोळी होऊन पृष्ठभागावर धावतो, पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटतो. सांगलीत अकरावीला शिकवताना एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाने मला विचारले होते की, बेदाण्यासाठी द्राक्षे ज्या पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, ते का पेटत नाही. प्रश्न फार मार्मिक होता. त्या क्षारातील पोटॅशियमने आपला बाह्यतम इलेक्ट्रॉन आधीच गमावलेला असतो. पाण्याला देण्यासारखे त्याच्याकडे काही उरलेलेच नसते.