मदत हवी आहे : सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीनंतर स्वच्छता निरीक्षक पदविका करावी का?

नमस्कार.

मी पुण्यात धायरीला राहते. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन तीन वर्षे झाली. सध्या एका खासगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने स्वीकारणे, त्यांची नोंद ठेवणे आणि जीवाणू-तपासणीची माध्यमे तयार करणे हे काम करते. मला मात्र प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाणी, सांडपाणी, खाद्यपदार्थांची दुकाने आणि डासांची पैदास तपासण्याचे काम करायचे आहे. परदेशात त्याला पर्यावरणीय आरोग्य तंत्रज्ञ म्हणतात. आपल्याकडे या नावाची जाहिरात सहसा निघत नाही, आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इच्छेचे कारण थोडक्यात सांगते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा नसांचा आजार) रुग्ण एकाएकी वाढले, काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. त्या आठवड्यांत आमच्या सोसायटीच्या सभेत ‘रिपोर्ट चांगला आला’ एवढे ऐकून सगळे निर्धास्त झाले. पण पाणी कोणत्या नळाचे, कोणी भरले आणि कशात भरले, हे कोणीही विचारले नाही. प्रयोगशाळेत मी रोज तेच पाहते. स्कूटरच्या डिकीत भर दुपारी तापलेली बाटली येते, शीतपेयाची विसळलेली बाटली येते, तीन टाक्या असलेल्या इमारतीहून नुसते ‘टाकी’ असे लिहिलेली बाटली येते. क्लोरीन घातलेले पाणी, क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट नसलेल्या बाटलीत आणले, तर वाटेत क्लोरीन आपले काम करतच राहतो आणि अहवाल नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ निघतो. एकदा कार्यालय बंद व्हायच्या वेळी असा नमुना मीही स्वीकारला होता. ‘नमुना ग्राहकाने आणलेला’ असा शेरा मारला, तरी ते मनाला लागून राहिले. अहवालातला आकडा बराचसा नळाजवळच ठरून गेलेला असतो, आणि मला त्या नळाजवळ उभे राहायचे आहे.

माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची स्वच्छता निरीक्षकाची एक वर्षाची पदविका. आयटीआयमध्येही याच स्वरूपाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दुसरा म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. पदवीनंतर पदविका म्हणजे जिना उतरणे, असे बाबांचे म्हणणे आहे. त्यांना काय उत्तर द्यावे, आणि नोकरी सांभाळून कोणता अभ्यास आजपासून सुरू करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : एक निवृत्त निरीक्षक

ताई, आधी पद ठरवा, मग त्यासाठी काय शिकायचे ते ठरेल. ज्या जाहिरातीत स्वच्छता निरीक्षक पदविका मागितलेली असते, तिथे तुमची बी.एस्सी. किंवा उद्याची एम.एस्सी. त्या पदविकेची जागा घेईल असे गृहीत धरू नका. गेल्या काही वर्षांतल्या चार-पाच महापालिकांच्या जाहिराती काढून त्यांतला शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दशः वहीत उतरवून घ्या, आणि ती वही वडिलांसमोर ठेवा. माझ्या समजुतीच्या गोष्टींपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता थोडे कटू. शहरात निरीक्षकाचा दिवस पाण्याच्या बाटलीने क्वचितच सुरू होतो. तो पहाटे आरोग्य कोठीवर, सफाई सेवकांच्या हजेरीने आणि मुकादमाच्या तक्रारींनी सुरू होतो. मग कचऱ्याच्या गाड्या, रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांच्या पावत्या, तुंबलेले चेंबर. माझ्या शेवटच्या काही वर्षांत स्त्री निरीक्षक सोबत होत्या आणि वस्तीतल्या बायका त्यांना घरातला पाण्याचा पिंपही उघडून दाखवत. आम्हाला दारातूनच परत पाठवत. त्यामुळे हे काम बाईला जमेल का, अशी शंका मनात असल्यास काढून टाका. पण रोज नमुनेच घ्यायचे असतील, तर पाणीपुरवठा विभागाची प्रयोगशाळा किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची क्षेत्रीय पदे पाहा. त्या बाजूला एम.एस्सी. उपयोगी पडते.

अभ्यासाचे म्हणाल, तर पाणी तुम्हाला येते, म्हणून सुरुवात डासांपासून करा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, पाळायला सांगतात. शंभर घरांमागे अळ्या सापडलेली किती भांडी, तो ब्रेटो निर्देशांक. तपासलेल्या भांड्यांपैकी अळ्या सापडलेली किती, तो कंटेनर निर्देशांक. मुलाखतीत यांची गल्लत हमखास होते. त्यानंतर पिण्याच्या पाण्याचे मानक, आयएस १०५००, आकड्यांसह पाठ करा : सामू (पीएच) ६.५ ते ८.५, गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आणि पर्यायी स्रोत नसल्यास ५, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम, ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये अजिबात नाही.

एक गणित देतो. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ५ मीटर. दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर धरली, तर किती लागेल?

प्रतिसाद : दुसरे सदस्य

अन्नाच्या बाजूचे एक दार राहून गेले. अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी ग्राह्य आहे आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनातील ही भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. नमुना घेणे, तो सीलबंद करणे आणि पुढे न्यायालयात टिकेल अशी नोंद ठेवणे हा त्या कामाचा गाभाच आहे. आपण ज्या बाटलीबद्दल लिहिले आहे, तिची काळजी तिथे कायद्यानेच घ्यावी लागते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अन्न सुरक्षा अधिकारी पदाचा विचार मी केलाच नव्हता. पदविकेचा अर्ज भरायचे जवळपास ठरले आहे आणि आयोगाचा अभ्यास त्यासोबत सुरू करीन. जाहिरातींची वही आजच घातली.

काका, विहिरीत ६२,८०० लिटर पाणी आणि १५७ ग्रॅम पावडर असे उत्तर आले. पहिल्या वेळी व्यासालाच त्रिज्या धरून चौपट पावडर ओतली होती, हे कबूल करते. एक शंका राहिली : पावडरचे पोते उघडून दोन महिने झाले असतील तर?

निवृत्त निरीक्षक

उत्तर बरोबर, शंका त्याहून चांगली. ताज्या पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. हवा, उजेड आणि ओल लागली की तो उतरतो. पोत्यावरच्या छापील आकड्यावर विसंबू नका, प्रयोगशाळेत तपासून घ्या. समजा २५ टक्के निघाला, तर तुमचे १५७ ग्रॅम सुमारे २०७ होतील. पाण्यात मिसळून गाळ खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा, तासभर थांबा, आणि उरलेला क्लोरीन तिथेच, विहिरीच्या काठावर मोजा.