पंधरा वर्षांच्या गाडीवर किती खर्च करावा, आणि कोणाच्या हातून?

अंत्रुजकर

माझी गाडी २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची छोटी हॅचबॅक आहे. २०१७ मध्ये मडगावच्या एका निवृत्त गृहस्थांकडून मी ती घेतली आणि तेव्हापासून म्हार्दोळ ते पणजी अशी माझी रोजची ये-जा तिच्यावरच चालू आहे. गेल्या महिन्यात भोमच्या अरुंद रस्त्यावर वाहनांची रांग लागलेली असताना तापमानाचा काटा लाल रेषेला जाऊन टेकला. मी लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि ते थंड झाल्यावर पाणी भरले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर अर्धा लिटर पाणी पुन्हा कमी, आणि गाडीखाली मात्र एक थेंबही नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने इंजिनाचा एकही नट न सोडवता संपूर्ण ओव्हरहॉलचे (इंजिन उघडून झिजलेले भाग बदलण्याचे) ७२,४०० रुपयांचे एस्टिमेट हातात ठेवले. फोंड्यातील ज्या गॅरेजमध्ये मी नऊ वर्षे गाडी नेतो, तेथील मेकॅनिकच्या मते हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील, उडाले असावे. गास्केट, लेथवर हेडचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे), कूलंट आणि मजुरी मिळून १८,००० रुपये होतील, पण हेड उघडल्यावर आणखी काही निघाले तर तेव्हाच सांगेन, असे त्याने स्पष्ट केले.

आज विकायला काढली तर धडधाकट अवस्थेत गाडीचे सव्वा लाख यावेत. किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च दुरुस्तीवर करू नये, हा नियम घरात सर्वांनी मला ऐकवला आहे. मला तो पटत नाही. सव्वा लाखात जी दुसरी जुनी गाडी मिळेल तिची दुखणी मला ठाऊक नसतील, हिची आहेत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्यापेक्षा पुढची तीन वर्षे तेवढीच ये-जा करण्यासाठी दुसऱ्या मार्गाने किती पैसे मोजावे लागतील, त्याच्याशी ताडून पाहावा, असे माझे मत आहे. ज्यांना ते चुकीचे वाटते त्यांनी कारणांसह लिहावे.

भतग्रामकर

अंत्रुजकरबाब, आपले गणित इंजिनापुरते बरोबर आहे, परंतु गाडी म्हणजे केवळ इंजिन नव्हे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्याकडे खाऱ्या वाऱ्याची त्यात भर असते, त्यामुळे येथील गाडीचा पत्रा इंजिनाच्या आधी म्हातारा होतो. माझ्या आधीच्या गाडीच्या इंजिनावर मी ४०,००० रुपये घातले आणि पुढच्याच पावसाळ्यात चालकाच्या पायाखालचे रबर मॅटिंग उचलले, तेव्हा खालचा रस्ता दिसला. इंजिन घड्याळासारखे चालत होते, पण त्याचा मला काय उपयोग?

शिवाय आपल्या गाडीच्या नोंदणीला यंदा १५ वर्षे पूर्ण होतात. पुढील ५ वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीत उत्तीर्ण व्हावी लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचे ६०० रुपयांचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आहे आणि उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये वेगळे पडतात. मुख्य मुद्दा मात्र पैशांचा नाही. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली. आपल्या गाडीत त्या नसतील, तर पावसात अनमोड घाट उतरताना १८,००० रुपयांचे गास्केट आपल्याला वाचवणार नाही. विकून टाका, असाच माझा आग्रह आहे.

तेरेखोलकाठ

विकण्याबद्दल मी काही म्हणणार नाही, पण दुरुस्ती करायचीच असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच योग्य, हे माझे ठाम मत आहे. तेथे जॉब कार्ड बनते, भागाचा क्रमांक बिलावर येतो, कामाची हमी लेखी मिळते आणि उद्या ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर हातात कागद असतो. गल्लीतल्या गॅरेजमध्ये काम बिघडले की ‘पार्टच तसा आला’ एवढेच उत्तर मिळते. ७२,४०० हा आकडा मोठा वाटतो, परंतु पंधरा वर्षांच्या इंजिनात केवळ गास्केट बदलून वरचा भाग घट्ट केला, तर पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांवरचा ताण वाढेल आणि सहा महिन्यांनी इंजिन पुन्हा उघडावे लागेल.

कुशावती

कागदाबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, फक्त तो कागद लहान गॅरेजमधूनही मागून घेता येतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, याचा अर्थ त्याने पावतीच देऊ नये असा होत नाही. सुट्या भागांबाबतही तेच. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नव्हत्या. कंपनीला जो भाग पुरवला जातो, तोच भाग अनेकदा बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यात कमी किमतीला मिळतो. खोक्यावरचा क्रमांक आणि छापील किंमत पाहून घ्या, आणि काढलेला जुना भाग परत मागा. जो मेकॅनिक जुना भाग दाखवायला कां-कूं करतो, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

मी हे इतके निक्षून लिहिते, कारण मी स्वतः फसले आहे. तापणाऱ्या गाडीसाठी एका गॅरेजने माझ्याकडून इंजिनाच्या कामाचे ३५,००० रुपये घेतले आणि गाडी तापतच राहिली. शेवटी दुसऱ्याने शोधून काढले, की रेडिएटरच्या पंख्याचा रिलेच, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा स्विचच, अडकत होता. तो काही शे रुपयांचा भाग होता.

म्हणून आधी निदानाचे पैसे द्या. चारही स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) करून घ्या आणि तेव्हा तेथे स्वतः उभे राहा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी आला, तर त्यांच्यामधले गास्केट गेल्याची शक्यता मोठी. मग कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत आणि तेरेखोलकाठ यांचे म्हणणे खरे ठरेल. वाढला नाही तर दोष वरच्या बाजूला, गास्केटमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. पंखा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि वॉटर पंपही त्याच बैठकीत पाहून घ्या. आणि आता तरी साधे पाणी भरणे थांबवा, कारण कूलंटमधील गंजरोधक घटक पातळ होत गेला की इंजिन आतून गंजते.

भतग्रामकर

चाचणी जरूर करा, पण गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्राही पाहा. हेडच्या आधी तो पाहा.

अंत्रुजकर

शनिवारी दोन्ही केले. कॉम्प्रेशनसाठी ६०० रुपये दिले आणि मेकॅनिकच्या खांद्यावरून गेज वाचत उभा राहिलो. पहिल्या सिलिंडरचा दाब १७०, दुसऱ्याचा ११५, तिसऱ्याचा ११२ आणि चौथ्याचा १६८ पीएसआय आला. मधल्या दोघांत ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर काटा जेमतेम दोन-तीन अंकांनी सरकला. याचा अर्थ रिंगा शाबूत आहेत. पंखा वेळेवर सुरू होतो. थर्मोस्टॅट मात्र गरम पाण्यात धरूनही अर्धवटच उघडला, तेव्हा मूळ दुखणे बहुधा तेथूनच सुरू झाले असावे. ज्या कामासाठी मला ७२,४०० रुपये सांगण्यात आले, त्यातील पिस्टन आणि रिंगांच्या कामाची गरजच नव्हती.

भतग्रामकरांचे म्हणणेही खोटे ठरले नाही. गाडी रॅम्पवर घेतल्यावर मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालचा पत्रा ठोकत नेला. फ्लोअरवर सगळीकडे खणखणीत आवाज येत होता. डाव्या बाजूच्या मागच्या दाराखाली तो एकदम बद्द झाला आणि टोक लावताच पत्रा आत गेला. वितभर लांबीचा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. टिंकरिंगवाल्याने त्याचे, रंग आणि अंडरबॉडी कोटिंगसह, ८,५०० रुपये सांगितले आहेत.

थर्मोस्टॅट धरून एकूण खर्च २८,००० च्या आसपास जातो. एअरबॅगच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि घाटाच्या प्रवासाला मी भावाची गाडी मागून घेईन, एवढेच ठरवले आहे. म्हार्दोळ ते पणजी या रस्त्यासाठी मात्र मी हिलाच दुरुस्त करणार आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, तोवर पत्र्याचे काम उरकायचे आहे. हेड सोमवारी लेथवर जाईल. ते मर्यादेबाहेर वाकलेले निघाले आणि नवे हेड घालण्याची वेळ आली, तर मी तेथेच थांबेन आणि गाडी आहे त्या स्थितीत विकेन, असे मेकॅनिकला आधीच सांगून ठेवले आहे.