प्रॉक्सी म्हणजे १२ तासांची चिठ्ठी

एक प्रश्न नेहमी येतो: ग्रिडवर, म्हणजे ठिकठिकाणच्या संस्थांच्या जोडलेल्या संगणकांवर, आपलं एक्स.५०९ सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) असताना वेगळी प्रॉक्सी कशाला, त्या सर्टिफिकेटची मूळ गुप्त 'की' (किल्ली) पाठवली तर काय बिघडतं?

अहो, जॉब (तुम्ही ग्रिडला दिलेलं काम) रात्री दोनला भलत्याच शहरातल्या मशीनवर सुरू होतो, तिथून तिसरीकडची फाइल उचलतो. तेव्हा मूळ कीचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) टाकायला तुम्ही कुठे असता? म्हणून नवी की-जोडी तयार होते आणि तिच्या सर्टिफिकेटवर तुमची मूळ की सही करते; हीच प्रॉक्सी. आमच्याकडं कोल्हापुरात गुळाच्या सौद्याला माणूस पाठवताना 'आजच्यापुरतं' म्हणून चिठ्ठी द्यावी तसं. तिजोरीची किल्ली कोण देतंय? ग्लोबस टूलकिट या ग्रिडच्या सॉफ्टवेअरमध्ये या चिठ्ठीची मुदत एरवी १२ तास असायची. प्रॉक्सीची की फाइलमध्ये पासफ्रेजशिवाय उघडीच पडलेली असते, त्यामुळं कमी मुदत आणि फाइलची परमिशन एवढंच तिचं संरक्षण. २००४ च्या आरएफसी ३८२० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हा प्रकार रीतसर मांडलाय.

त्या १२ तासांनी मला एकदा चांगलंच रडवलं. कोल्हापुरातून जॉब टाकला, निवांत झोपलो. तो रांगेतच इतका रखडला की सुरू होईपर्यंत प्रॉक्सी संपलेली. तेव्हापासून लांब कामाला मायप्रॉक्सी हा प्रॉक्सी पुरवणारा सर्व्हर वापरतो, तिथून नूतनीकरण होतं.

आणि एक, सर्टिफिकेट फक्त तुम्ही कोण ते सांगतं. आत कोणत्या खात्यावर घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे त्या त्या साइटची (संगणक पुरवणाऱ्या संस्थेची) ग्रिड-मॅपफाइल, म्हणजे कोणत्या नावाला कोणतं खातं याची यादी, ठरवते. तिथं नाव नसेल तर सही कितीही खरी असो, दार बंद.