‘दक्षिण काशी’ हे बिरुद कोल्हापूरने मिरवावे का?

करवीरवासी:
कोल्हापूरची ओळख करून देताना भाषणात, माहितीपत्रकात, अगदी लग्नपत्रिकेतही ‘दक्षिण काशी’ हे बिरुद हमखास येते. माझ्या मते ते आता बाजूला ठेवावे. याचे कारण श्रद्धेच्या बाहेरचे नाही; करवीर म्हणजे कोल्हापूर, आणि या क्षेत्राची थोरवी सांगणाऱ्या ‘करवीर माहात्म्य’ या ग्रंथातच ते आहे. काशी श्रेष्ठ की करवीर, या प्रश्नाला तिथे ‘वाराणस्या यवाधिकम्’ असे निःसंदिग्ध उत्तर दिले आहे. करवीर काशीहून जवभर अधिक ठरते, कारण काशी मुक्ती देते, तर अंबाबाईचे क्षेत्र भुक्ती आणि मुक्ती दोन्ही देते. ज्या गावाची स्वतःची कथा इतका मोठा दावा करते, त्याने दुसऱ्या क्षेत्राच्या नावाने ओळखले जावे, हे मला पटत नाही. शिवाय वाई आणि पैठण यांनाही दक्षिण काशी म्हणतात, त्यामुळे या बिरुदाने कोल्हापूरचे वेगळेपण कळतच नाही. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या कोरीव लेखांत स्वतःला ‘श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद’, म्हणजे महालक्ष्मीच्या (अंबाबाईच्या) वराचा प्रसाद लाभलेले, म्हणवीत. बिरुद हवेच असेल तर ते तिथून घ्यावे.

घाटी दरवाजा:
आपला श्लोक बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. अंबाबाईच्या आवारात काशी विश्वेश्वर आहे, मणिकर्णिका कुंड आहे. काशीला पंचगंगा घाट आहे, आणि आपली नदीच पंचगंगा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. एवढी सगळी रचना कोणी एका दिवसात भाषणासाठी केलेली नाही. ज्यांना पायी काशी गाठणे आयुष्यात शक्य नव्हते, त्यांच्यासाठी पूर्वजांनी काशी इथे आणली. माझ्या आजीने काशी कधी पाहिली नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे घाटाच्या पायरीवर पणती लावून, वाऱ्याने विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरून ती बसून राहायची आणि आपली काशी झाली असे मानायची. हे बिरुद तिच्यासारख्यांचे आहे, आणि ते काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला विचारावेसे वाटते.

ब्रह्मपुरी:
दोघेही माहात्म्याला साक्षीदार धरून बोलत आहात, म्हणून वेगळा मुद्दा मांडतो. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजने पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातील भरभराटीच्या वस्तीचे अवशेष मिळाले. याच टेकाडावर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापारच्या व्यापाराशी जोडलेले हे नगर क्षेत्र म्हणून गाजण्याआधीच नांदते होते. देवीने वध केलेल्या कोल्हासुर या असुराची कथा सांगताना तो कोणी स्थानिक सरदार असावा, देवीचा विजय म्हणजे राजवटीचा बदल असावा, अशी जी जोडाजोड केली जाते, तिला कोणताही लेखी वा पुरातत्त्वीय आधार दिला जात नाही. कथा कथा म्हणून सांगावी आणि शहराची ओळख करून देताना आधी ब्रह्मपुरी दाखवावी.

टेंबलाईचा भक्त:
ब्रह्मपुरीचा अभिमान मलाही आहे, पण ती आधी आणि कथा नंतर, या क्रमाला माझा स्पष्ट विरोध आहे. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. कोल्हासुराच्या वधानंतरच्या सोहळ्याला बोलावले नाही म्हणून रुसलेल्या त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, समजूत काढायला मोठी बहीण स्वतः जाते, अशी ही कथा आहे. तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो आणि त्या क्षणी त्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झुंबड उडते, ती ज्याने पाहिली आहे तो कथेला पुराव्याच्या तराजूत घालणार नाही. मरताना कोल्हासुराने या नगराला आपले नाव मागितले आणि देवीने ते दिले. शत्रूची शेवटची इच्छा पाळणारी देवी ज्या गावाची आहे, त्या गावाने तीच गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी.

करवीरवासी:
टेंबलाईच्या भक्तांनी माझीच बाजू बळकट केली. कोल्हासुर, त्र्यंबोली, कोहळा, यांतले काहीही काशीत नाही. घाटी दरवाजा यांच्या आजींच्या श्रद्धेला कोणी हात लावत नाही. घरात, घाटावर, पूजेत ‘दक्षिण काशी’ राहू द्यावी. माझा आक्षेप शहराच्या अधिकृत ओळखीपुरता आहे. तिथे ‘वाराणस्या यवाधिकम्’ हे शब्द असावेत, त्याखाली कोल्हासुराची कथा थोडक्यात असावी आणि शेजारी ब्रह्मपुरीची माहिती सनासह असावी.

घाटी दरवाजा:
‘वाराणस्या यवाधिकम्’ लिहायला माझी हरकत नाही, पण तुलना करायची तर त्या ओळीतही काशीचे नाव घ्यावेच लागते. दोन्ही लिहा; एक पुसून दुसरे लिहिणार असाल तर माझा विरोध कायम आहे.