अनुभव धागा: थंडीतली शिकार, बंदुकीशिवायची

खटाव-माणच्या माळावर पौषातल्या थंडीत वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, आणि कुत्री घेऊन सशामागं जायची रीत आमच्या आजोबांच्या काळी होती. मागं मागं पोरं चालायची, त्यातलंच एक पोर म्हणजे माझे वडील. बापाच्या घोंगड्यात शिरून उजाडायची वाट बघितल्याचं ते अजून सांगतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची उरलीसुरली वाटही बंद केली. ते योग्यच झालं. पण लेकराला अंधारात उठवून, गार वाऱ्यात गप्प बसून, काहीतरी दिसायची वाट बघायला शिकवणं कशाला बंद व्हावं? सातारा-सांगलीकडच्या आईबापांनी, आजीआजोबांनी आपले अनुभव इथं लिहावेत. कुठं गेलात, काय नेलं, काय चुकलं, सगळं. सुरुवात मी करतो.

मुलगी आठ वर्षांची. जानेवारीत येरळवाडीच्या तलावावर गेलो. साताऱ्याहून साडेचारला निघालो, वडूज मागं पडेपर्यंत झुंजूमुंजू झालं. सूर्य पाठीशी राहील असा पूर्वेकडचा काठ आधीच हेरून ठेवला होता, नाहीतर सगळे पक्षी नुसते काळे दिसतात. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापटीची लहान हातात फार हलते. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पोरांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, त्यामुळं दुर्बीण पुरती मिटवून बघा. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच गोल दिसला पाहिजे. तसं नसेल तर पोर आपलं मन राखायला "दिसलं दिसलं" म्हणतं आणि त्याला काहीच दिसलेलं नसतं. आम्ही आठवडाभर गच्चीवर समोरच्या नारळावर सराव केला होता.

चक्रवाक दिसले. नारिंगी अंगाचे, लडाख-तिबेटकडं घरटी करणारे. गाडीत तिला जुन्या काव्यातली गोष्ट सांगितली होती, रात्री यांच्या जोडीची ताटातूट होते आणि दोघं दोन काठांवरून एकमेकांना साद घालतात. तिनं ती मनावर घेतली. पलीकडं एक चक्रवाक एकटाच बसला होता. "बाबा, ह्याची जोडी कुठंय?" नऊ वाजेपर्यंत ती तिथून उठायला तयार नव्हती.

विट्याहून, मुलगा दहा वर्षांचा

मला पक्ष्यांतलं फारसं कळत नाही, म्हणून आम्ही सागरेश्वर अभयारण्यात गेलो. डिसेंबरचा रविवार. फाटक उघडायची वेळ विचारली नव्हती, त्यामुळं बाहेर तासभर कुडकुडत थांबावं लागलं. तुम्ही आदल्या दिवशी चौकशी करा. त्या तासात मुलाला रस्त्याकडेच्या फुफाट्यात खुरांचे ठसे सापडले. आत गेल्यावर वनरक्षकांनी चितळाचा लहान, टोकदार ठसा आणि सांबराचा मोठा ठसा शेजारीशेजारी दाखवला. मग तो प्रत्येक ठशाजवळ काडेपेटी ठेवून मापं वहीत लिहीत सुटला. दुपारपर्यंत आम्ही चार किलोमीटरसुद्धा चाललो नसू.

हे रान आधी उघडंबोडकं होतं. धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, लोकांनी झाडं लावली, हरणं आणून सोडली आणि १९८५ ला अभयारण्य झालं. मी हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे हे माणसांनी केलंय?" पुढं आठ दिवस घरी हाच विषय होता.

मिरजेहून

माझा अनुभव चुकीचा आहे, तरी लिहितो, कोणाच्या उपयोगी पडेल. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन कृष्णेवर गळ टाकायला गेलो. शिकार म्हणजे पहाटच, असं डोक्यात बसलेलं. पाच वाजता घाटावर. गवतात इतकं दहिवर होतं की दहा मिनिटांत त्याचे मोजे पिळून निघाले. जादा मोजे मी घेतले नव्हते. सात वाजेपर्यंत ओठ निळे पडले, तरी तो "घरी चला" म्हणाला नाही, माझा हिरमोड होईल म्हणून. ते मला उशिरा कळलं. दोन दिवस ताप होता त्याला.

नंतर नदीकाठच्या एका म्हाताऱ्या मासेमाराला विचारलं. ते म्हणाले, थंडीत मासा गारठतो, खोल पाण्यात बसतो, पहाटे तोंड उघडत नाही. ऊन चढून पाणी जरा कोमटलं की मग लागतो. पंधरा दिवसांनी आम्ही सकाळी दहाला गेलो. पाठीवर ऊन, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, डब्यात गळाला लावायला काडू, म्हणजे गांडुळं. दीड वाजता वीतभर चिलापी लागली. मुलानं ती ओल्या हातानं धरली, मिशा आहेत का बघितलं आणि सोडून दिली. तुम्ही थंडीत माशांसाठी जाणार असाल तर पोराची झोप मोडू नका.

कराडहून

एवढंच सांगते: कानटोपी, दोन जोड मोजे, खिशात गूळ-शेंगदाणे. आणि पाच वर्षांच्या लेकराला अर्ध्या तासापेक्षा जास्त गप्प बसवू नका. माझ्या लेकीला मी दोन तास बसवलं, त्यानंतर वर्षभर ती यायला तयार नव्हती.

पाटण खोऱ्यातून, वय ७६

माझ्या वडिलांकडं पीक राखायला ठासणीची बंदूक होती, परवान्याची. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती वाऱ्याची. चिमूटभर राख सोडायची, ती आपल्या अंगावर आली पाहिजे. म्हणजे जनावराचा वास आपल्याकडं येतो, आपला त्याच्याकडं जात नाही.

गेल्या पौषात बारा वर्षांचा नातू आला होता. आमचं गाव कोयनेच्या रानाच्या कडेला आहे. २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळं आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आम्ही आत गेलो नाही, आपल्याच वावराच्या बांधावर जाऊन बसलो. त्याच्या हातावर राख दिली. त्यानं ती सोडली, तोंडावर आली. घोंगडं दोघांत एक.

फटफटताना तीन गवे खालच्या वावरात उतरले. शंभर पावलं तरी लांब असतील. पांढरे पाय तेवढे आधी दिसले, जसे मोजे घातलेत, मग अंग दिसलं. पोरानं श्वास सोडला नाही. मी त्याच्या दंडाला हात लावून ठेवला होता, उठू नये म्हणून. गव्याच्या जवळ कधी जाऊ नये, आणि माघारीची वाट आपल्या पाठीशी मोकळी असावी.

गवे गेल्यावर त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी मारलंय?"

खोटं बोललो नाही. म्हटलं, होय, १९६८ ला. एक भेकर. ते पडल्यावरही पाय हलवत होतं.

त्यानं बराच वेळ काही विचारलं नाही. पायवाटेनं खाली उतरताना ओल्या दगडांपाशी मात्र थांबला आणि मी घसरू नये म्हणून माझा हात धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.