मदत हवी आहे: सिम्बॉलमध्ये पिन वाढवताच येत नाहीये

बोर्डबहाद्दर
रेग्युलेटरच्या सिम्बॉलला (सर्किटच्या आकृतीतलं त्याचं चिन्ह) एक पिन वाढवायची आहे, एवढंच काम. सिम्बॉल एडिटर उघडला की पिनचं बटण फिकट, क्लिकच होत नाही. आहेत त्या पिनासुद्धा हलत नाहीत, नाव आणि व्हॅल्यू मात्र बदलता येते. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, फरक शून्य. बोर्ड आज पाठवायचाय त्यामुळे प्लीज लवकर सांगा आणि ट्यूटोरियल बघा असं सांगू नका, बघून झालंय.

तांब्याचीतार
कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं व्हर्जन, कुठला रेग्युलेटर? की आम्ही कुंडली मांडून ओळखायचं?

बोर्डबहाद्दर
कीकॅड, सर्किट बोर्ड डिझाइनचं, अजून काय असणार. रेग्युलेटर १११७ आहे.

सोल्डरकाका
१११७ असेल तर जरा जपून. ७८०५ ह्या दुसऱ्या रेग्युलेटरची सवय झालेला माणूस इथे हमखास फसतो. ७८०५ ला १ इनपुट, २ ग्राउंड, ३ आउटपुट. १११७ ला १ ग्राउंड, २ आउटपुट आणि ३ इनपुट. ॲडजस्टेबल वाला असेल तर १ वर ॲडजस्ट.

बोर्डबहाद्दर
पिनआउट माहितीये हो काका. बटण का चालत नाही ते विचारलंय.

कंसातला_माणूस
एडिटरच्या नादी लागूच नका. व्हर्जन ६ पासून लायब्ररीची फाइल म्हणजे साधं टेक्स्ट, नुसते कंसात कंस. नोटपॅडमध्ये उघडायची, पिनची ओळ कॉपी करायची, नंबर आणि जागा बदलायची, सेव्ह. मी सगळे सिम्बॉल असेच करतो.

तांब्याचीतार
हो आणि एक कंस राहिला की अख्खी लायब्ररी उघडायची बंद. ज्याला बोर्ड आज पाठवायचाय त्याला हे सांगताय, धन्य आहे.

कंसातला_माणूस
बॅकअप नावाची एक गोष्ट असते.

आडवीरेघ
भांडण बाजूला ठेवा. @बोर्डबहाद्दर, एडिटरमध्ये वरती एक पट्टी येते, हा सिम्बॉल अमुक सिम्बॉलवरून डिराइव्ह केलाय, ग्राफिक्स एडिट होणार नाहीत अशा अर्थाची. ती वाचलीत का? एएमएस१११७-३.३ हा स्वतंत्र सिम्बॉल नाहीच, तो एपी१११७-१५ वरून घेतलाय. चित्र आणि पिना मूळ सिम्बॉलच्या, ह्याची स्वतःची फक्त नाव, व्हॅल्यू, डेटाशीटची लिंक अशी फील्ड्स. म्हणून पिनचं बटण फिकट. मूळ सिम्बॉल थेट बदलायला जाऊ नका, सोबत येणारी लायब्ररी रीड-ओन्ली असते आणि असायलाच हवी. स्वतःची लायब्ररी काढा, एपी१११७-१५ वर राइट क्लिक करून कॉपी, आपल्या लायब्ररीत पेस्ट, नाव बदला, मग हव्या तेवढ्या पिना टाका. ग्रिड ५० मिलच ठेवा नाहीतर नंतर वायर चिकटत नाही म्हणून नवीन धागा काढाल.

बोर्डबहाद्दर
हे चाललं!! पण स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) अजून तीनच पिना दिसतायत. सेव्ह केलंय, बंद करून उघडलंय, टूल्समधलं अपडेट सिम्बॉल्स फ्रॉम लायब्ररी पण करून बघितलं.

आडवीरेघ
अपडेट केलं की तो जुन्या लायब्ररीतूनच परत आणतो, कारण स्कीमॅटिकमधल्या सिम्बॉलची लिंक तिकडेच आहे. तुमचा सिम्बॉल वेगळ्या लायब्ररीत, वेगळ्या नावाने आहे. सिम्बॉलवर राइट क्लिक, चेंज सिम्बॉल, तिथे नवा निवडा.

प्रोटोप्रेमी
म्हणूनच मी ब्राउझरमधलं वापरतो. पार्ट नंबर टाकला की सिम्बॉल, फूटप्रिंट (बोर्डवरच्या पॅडांची मांडणी) सगळं जोडून तयार मिळतं.

तांब्याचीतार
आणि त्यातला एखादा चुकीचा निघाला की बोर्ड हातात आल्यावर कळतं. असो. मला मूळ प्रश्नच कळला नाहीये. १११७ ला चौथी पिन कशाला?

बोर्डबहाद्दर
टॅबसाठी, म्हणजे चिपच्या रुंद धातूच्या पट्टीसाठी. मी सॉट-२२३ फूटप्रिंट लावलाय त्यात चौथा पॅड आहे, त्याला नेट (जोडणी) मिळत नाही.

तांब्याचीतार
मग ही सगळी झटापट फुकट! सिम्बॉलला हात लावायचाच नव्हता. फूटप्रिंट सॉट-२२३-३_टॅबपिन२ लावा, त्यात टॅबचा नंबरच २ आहे. तीन पिनांचा मूळ सिम्बॉल जसाच्या तसा चालतो.

आडवीरेघ
मान्य, ते सोपंय. पण ज्याचा स्वतःचा फूटप्रिंट चार पॅडचा आहे त्याला पिन लागणारच. तेव्हा चौथी पिन २ नंबरच्या पिनेवरच बरोबर चढवायची, टाइप पॅसिव्ह ठेवायचा, आणि दिसायला नको असेल तर लपवायची. दोन पॉवर आउटपुट वेगवेगळ्या काढून वायरने जोडल्या की ईआरसी (जोडण्यांची तपासणी) ओरडतो.

सोल्डरकाका
एक मिनिट. टॅब कशाला जोडणार आहात ते कोणी विचारलंच नाही.

बोर्डबहाद्दर
ग्राउंडला. मोठा कॉपर पोर (तांब्याने भरलेला भाग) आहे ना तिथे, गरम झाला तर उष्णता जाईल.

सोल्डरकाका
थांबा!! १११७ चा टॅब आतून पिन २ ला, म्हणजे आउटपुटला जोडलेला असतो. ग्राउंडला टेकवला की आउटपुट सरळ शॉर्ट. टॅब ग्राउंडला हा ७८०५ चा हिशोब, पहिल्याच प्रतिसादात तेच बोंबलत होतो. उष्णतेसाठी कॉपर द्यायचं तर आउटपुटच्या नेटचं द्या.

तांब्याचीतार
+१. सॉफ्टवेअर इथे काही बोललं नसतं, सिम्बॉल स्वतःचा असला की ईआरसी तुमच्याच पिनांवर विश्वास ठेवतो.

बोर्डबहाद्दर
डेटाशीट बघितली, टॅब आउटपुटच आहे. मूळ सिम्बॉल परत टाकला, टॅबपिन२ लावला, पोर आउटपुटला दिला. डीआरसी (बोर्डच्या आखणीची तपासणी) चालू आहे. धन्यवाद काका.

नवा_मासा
ह्याच धाग्यात विचारतो. एलएम३५८ चे दोन्ही ऑपॅम्प वापरलेत पण ८ आणि ४ पिना कुठेच दिसत नाहीत, त्या पण लपवलेल्या असतात का?

आडवीरेघ
नाही. तिसरं युनिट असतं, सी, त्यात फक्त पॉवरच्या पिना. तेच पार्ट परत प्लेस करा आणि युनिट सी निवडा. कुठलं व्हर्जन वापरताय?

कंसातला_माणूस
टेक्स्ट फाइल उघडून बघा, तिन्ही युनिट दिसतील.